नऊ आणि एक अष्टमांश

लायल फिंचची यादी दर मंगळवारी सकाळी सात वाजता यायची आणि सव्वासातनंतर आमच्या इमारतीत ती न वाचलेला माणूस सापडत नसे. हा फिंच फोर्ट वेनमधल्या आपल्या घराच्या तळघरात बसून एकच काम करायचा. एप्रिलअखेरच्या ड्राफ्टमध्ये फुटबॉलचे बत्तीस व्यावसायिक संघ आपापल्या पाळीला कॉलेजातला कोणता खेळाडू उचलणार, याचा अंदाज बांधायचा. असे अंदाज बांधणारे देशात शेकड्यांनी आहेत. फिंचचे बरेचसे बरोबर निघायचे.

त्या मंगळवारी ड्राफ्टला सोळा दिवस उरले होते. अकराव्या पाळीला टोलेडोचा संघ जेव्हॉन टिल्रीला घेणार, असं त्यानं सलग चौथ्यांदा लिहिलं.

टोलेडोचा संघ म्हणजे आम्ही. टिल्री क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि डाव चालवणारा. आमच्या कुलूपबंद खोलीतल्या भिंतीवर शंभरेक खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या होत्या आणि मार्चच्या मध्यापासून सगळ्यात वर टिल्रीची पट्टी होती. ही गोष्ट बाहेर कोणाला कळायला नको होती. आपल्याला कोण हवा आहे हे कळलं की मागचा एखादा संघ सौदा करून आपल्या पुढे येतो आणि त्यालाच उचलून नेतो.

कॉफीच्या यंत्राजवळ त्या सकाळी चौघं उभे होते. मी गेले आणि बोलणं थांबलं. मग एकजण म्हणाला, "हवा आज बरी आहे." बाहेर सरोवरावरून असा वारा सुटला होता की पार्किंगमधला कचऱ्याचा डबा लोळत होता.

साडेनऊला जनरल मॅनेजर हॉलिस स्टोडार्डनं मला बोलावलं. त्यानं दार स्वतः लावलं आणि पडदाही ओढला.

"वांडा, कोणीतरी बोलतंय."

"चार आठवडे बरोबर येणं योगायोगही असू शकतो," मी म्हणाले.

"तुझ्या प्रयोगशाळेत असेल. इथे नसतो. त्या खोलीत माझ्याखेरीज पाचजण जातात. तुला धरून. तुला वगळतो, कारण तू नवऱ्याशीसुद्धा बोलत नसशील."

"मला नवरा नाही."

"बघ, तेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं." तो हसला, मग हसू आवरलं. "मला तो माणूस शोधून दे."

मी भौतिकशास्त्र शिकले आणि बारा वर्षं सरकारी प्रयोगशाळेत वजनं-मापं तपासली. सात वर्षांपूर्वी संघानं मला खेळाडूंच्या मोजमापांसाठी घेतलं. इथे माझं नाव फूटपट्टी. एमेट दुदेकनं ठेवलं, पहिल्याच आठवड्यात, तोंडावर. बाकीचे पाठीमागे म्हणायचे.

उपाय मीच सुचवला. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथून आहे.

क्वार्टरबॅकचा हात मोजतात. पंजा पूर्ण ताणायचा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजायचं, इंच आणि इंचाच्या आठव्या भागांत. नऊ इंचांच्या खाली हात असला की लोक कुजबुजायला लागतात. आमच्याकडे डिसेंबरात चेंडू दगडासारखा होतो, लहान हातातून निसटतो. फेब्रुवारीत सगळ्या संघांसमोर टिल्रीचा हात पावणेनऊ भरला होता. ते जगजाहीर होतं. मार्चमध्ये तो आमच्याकडे भेटीला आला, तेव्हा मी तो माझ्या पोलादी पट्टीवर पुन्हा मोजला. आठ आणि सात अष्टमांश. हा आकडा मला आणि हॉलिसलाच ठाऊक होता.

"चौघांना टिल्रीचा अहवाल द्यायचा," मी म्हणाले. "प्रत्येकाच्या कागदावर हाताचा आकडा वेगळा. फिंच जो छापेल, तो ज्याच्या कागदावर असेल, तो आपला माणूस."

हॉलिसनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "झकास," तो म्हणाला. "आणि हे तुझ्यामाझ्यातच."

बुधवारी मी चार प्रती केल्या. आठ आणि पाच अष्टमांश. नऊ. नऊ आणि एक अष्टमांश. सव्वानऊ. आकडे मुद्दाम खऱ्याच्या जवळ ठेवले, कोणाला खोटे वाटू नयेत म्हणून. बाकीचा मजकूर जसाच्या तसा उतरवला. शेवटचा रकाना संघाच्या डॉक्टरांचा होता आणि तो रिकामा होता. डॉक्टरांनी लिहायचं राहिलं असेल असं वाटून मी तोही रिकामाच उतरवला. लिफाफे बंद केले, झाकणावर लाल चिकटपट्टी लावली, पट्टीवर अर्धी आणि कागदावर अर्धी येईल अशी सही केली. जुनी सवय.

नऊ आणि एक अष्टमांश एमेटच्या वाट्याला गेला.

एमेट त्रेसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं तो गावोगावच्या कॉलेजांत जाऊन पोरं बघत आला. बाकीच्यांना प्रशिक्षक मैदानाच्या कठड्यापाशी थांबवतात, एमेटला आत बसवून सांगतात: कोणाचा गुडघा रात्री सुजतो, कोण आईशी कसा बोलतो. कारण एमेटकडून ते पुढे जात नाही. त्याची सगळी कमाई तेवढीच.

"हे काय, लग्नाची पत्रिका?" लिफाफा घेताना तो म्हणाला.

"टिल्रीचा अहवाल."

"फूटपट्टी, तुला लाल पट्टी लावायला कोणी सांगितलं? आमच्यावर डोळा ठेवताय की काय?"

"नियम आहे."

"कालपर्यंत नव्हता." त्यानं लिफाफा उलटासुलटा करून काखेत मारला. "असो. तुझा टिल्री हिवाळ्यात चेंडू हातातून सोडणार, एवढं आत न बघता सांगतो."

मी सहीसाठी वही पुढे केली. त्यानं सही केली. मला त्याच्या डोळ्यांकडे पाहता आलं नाही आणि तो आठवडाभर मी सगळ्यांच्याच डोळ्यांकडे पाहत होते. कोण फोन घेऊन बाहेर जातो, कोण परत येताना घाईत असतो. एकजण जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून बोलायचा. तो कोणाशी बोलतो हे समजावं म्हणून मी दोनदा पार्किंगमधून उगाच फेरी मारली. तो दंतवैद्याशी बोलत होता.

पुढचा मंगळवार. सात वाजून दोन मिनिटं. फिंचनं लिहिलं होतं: "अकरावी पाळी, टोलेडो: टिल्री. हाताची चिंता मिटली. ताजा आकडा नऊ आणि एक अष्टमांश."

मी ते चार वेळा वाचलं. आकडा बदलला नाही.

हॉलिस ओरडला नाही, टेबलावर हात आपटला नाही. "म्हातारा," एवढंच म्हणाला. दहा वाजता एमेटचं ओळखपत्र काढून घेतलं आणि त्याला घरी पाठवलं. कारण सांगितलं नाही. तो खोकं घेऊन माझ्या दारावरून गेला, थांबला.

"काय केलंय मी, हे तुला माहीत आहे?"

मी पोलादी पट्टी पुसायला घेतली. गप्प राहण्यात माझा हात कोणी धरत नाही.

"माहीत आहे तर," तो म्हणाला आणि गेला.

बुधवारी सकाळी शहराच्या पेपरात चौकट होती. टिल्रीची बातमी फोडल्याच्या संशयावरून टोलेडोनं एका ज्येष्ठ निरीक्षकाला घरी बसवलं. संघानं अहवालांत वेगवेगळे आकडे घालून सापळा लावला होता. नाव नव्हतं. पण आमच्याकडे ज्येष्ठ म्हणावा असा निरीक्षक एकच होता.

मी कॉफी खाली ठेवली. सापळ्याची गोष्ट दोघांनाच माहीत होती. मला आणि हॉलिसला. मी पेपरवाल्यांशी बोलले नव्हते.

कचेरीत न जाता मी लॅग्रेंज रस्त्यानं एमेटच्या घरी गेले. दार त्याच्या बायकोनं, बर्निसनं उघडलं. हात कोपरापर्यंत खिम्यानं आणि तांदळानं माखलेले. ती कोबीच्या पानांत सारण भरत होती. एवढ्या पानांत की पन्नास माणसं जेवतील.

"तू मोजणारी ना?"

"हो."

"मग तिथूनच मोज. पायरीवरून."

"बर्निस, येऊ दे तिला," आतून एमेटचा आवाज आला. "बूट काढायला लाव."

स्वयंपाकघरात तो टेबलाशी बसला होता, दाढी न केलेला. फोन पालथा ठेवलेला. "सकाळपासून तीन प्रशिक्षकांना लावला," तो म्हणाला. "तिघंही बैठकीत. एप्रिलमधल्या बुधवारी, सकाळी आठ वाजता. तिघंही."

"एमेट, तुम्ही फिंचशी बोललात?"

"अगं, मी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही."

"टिल्रीच्या हाताचा आकडा कोणाला सांगितलात?"

"कुठला आकडा? तो पावणेनऊवाला? तो तर माझ्या न्हाव्यालाही ठाऊक आहे."

"माझ्या लिफाफ्यातला."

त्यानं बर्निसकडे पाहिलं. बर्निस कपाळाला मनगट लावून म्हणाली, "गाडीत आहेत सगळे. सीटखाली. उंदरांनी घर केलंय त्यात."

"मी दुसऱ्याचे अहवाल ड्राफ्टच्या आदल्या रात्रीपर्यंत उघडत नाही," एमेट म्हणाला. "आधी माझं मत कागदावर, मग तुमचे आकडे. नाहीतर डोळे आकड्यांच्या मागे जातात. चाळीस वर्षं हेच. विचार कोणालाही."

आम्ही गाडीपाशी गेलो. सीटखाली नऊ लिफाफे होते. माझा मधोमध. लाल पट्टी अखंड. सहीची अर्धी रेघ पट्टीवर, अर्धी कागदावर, केसाइतकीही सरकलेली नाही. मी भिंग काढलं. ते माझ्या पर्समध्ये असतंच. एमेट तोंड वाकडं करून बघत राहिला.

"काय दिसतं, फूटपट्टी?"

"उघडलेला नाही."

"ते मी भिंगाशिवाय सांगितलं होतं."

मग आकडा आला कुठून? मी गाडीच्या बोनेटवर टेकून उभी राहिले आणि माझी चूक मला दिसायला लागली. आधी नुसतीच बोचत होती. फेब्रुवारीत पावणेनऊ. मार्चमध्ये त्याहून एक अष्टमांश जास्त. मार्चमध्ये मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले. हात का वाढला, असं विचारलंच नाही.

टिल्रीला सराव देणाऱ्या माणसाचा नंबर माझ्या वहीत होता. बक्स्टन नाव, बोलघेवडा.

"हात?" तो म्हणाला. "बाई, रोज दोन तास चोळतोय आम्ही तो हात! अंगठ्याच्या बुडाला तेल, मग ताण, मग गरम पाणी. जानेवारीपासून. रविवारी मोजला. ओळखा किती!"

"नऊ आणि एक अष्टमांश."

"अरेच्चा, फिंचचं वाचलंत वाटतं! मीच सांगितलं त्याला. जो फोन करेल त्याला सांगतोय. तुमच्याकडून मात्र कोणाचा फोनच नाही. हवाय ना पोरगा तुम्हाला, की नाही?"

मी फोन ठेवला. क्वार्टरबॅक हात ताणून घेतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून विनोद होतात. मी सात वर्षं ते विनोद ऐकले आणि तरी मोजायची वस्तू जागेवर राहते असं धरून चालले. मी लिहिलेला खोटा आकडा, चार दिवसांत, एका माणसाच्या तेलमालिशनं खरा झाला होता.

"काय झालं?" एमेटनं विचारलं.

"मी चुकले," मी म्हणाले. "अजून थोडं तपासायचं आहे."

बक्स्टनचं शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. आमच्याकडून कोणाचाच फोन नाही. गुरुवारी सकाळी मी कचेरीत जाऊन मार्चपासूनचे सगळे भेटीचे कागद काढले. तीस खेळाडू येऊन गेले होते. सत्तावीस कागदांवर शेवटचा रकाना रिकामा. तिघांची डॉक्टरांनी तपासणी केली होती: गुडघे, मान, खांद्याचे फोटो. त्या तिघांत टिल्री नव्हता. सगळ्यात जाड कागद कॉर्बिन व्हेलचा होता. बचावातला गडी, समोरच्याला आडवं पाडणारा. भिंतीवर त्याची पट्टी तिसऱ्या उभ्या ओळीत, खालून दुसरी.

गुडघा न बघता कोणी क्वार्टरबॅक घेत नाही.

मी हॉलिसच्या दारावर टकटक केली. पडदा ओढलेलाच होता.

"एमेटचा लिफाफा सीलबंद आहे," मी म्हणाले. "आकडा त्या पोराच्या सराव देणाऱ्याकडून गेला. हात खरंच तेवढा झालाय. माझी चाचणी रद्द धरावी लागेल."

"वांडा, मी नाव मागितलं. तू नाव दिलंस."

"नाव चुकीचं आहे."

"चाचणी तुझीच होती."

"म्हणूनच मी ती रद्द करतेय." मी उभीच होते. "आणखी एक. टिल्रीला डॉक्टरांनी हात लावलेला नाही. व्हेलला दोनदा लावलाय."

हॉलिसनं पेन्सिल उचलली, बोटांत फिरवली, खाली ठेवली. उत्तर मला तेवढ्यात मिळालं. फिंचला टिल्रीचं नाव इथूनच, या टेबलावरून जात होतं. टिल्री आम्हाला हवाय असं सगळ्यांना वाटावं, कोणीतरी पुढे उडी मारून त्याला घ्यावं आणि व्हेल अकराव्या पाळीपर्यंत उरावा. सापळ्यात कोणी सापडेल अशी त्याची अपेक्षाच नव्हती. त्याला फक्त शोध हवा होता, गाजलेला. घरभेदी शोधतात म्हणजे भेद खरा, असं लोक धरतात. माणूस त्याला फुकटात मिळाला.

"किती दिवसांचा प्रश्न आहे?" तो हळू आवाजात म्हणाला. "सात. पुढच्या शुक्रवारी मी एमेटला फोन करेन, माफी मागेन, केक पाठवेन. तो या धंद्यातला आहे. समजेल."

"प्रशिक्षक त्याचे फोन घेत नाहीत."

"घेतील परत."

"ते तुम्ही मोजलंय?"

त्यानं पेन्सिल पुन्हा उचलली.

"दुपारी बारा वाजता मी चाचणी रद्द केल्याचा कागद पाठवणार," मी म्हणाले. "चौघांना, आणि मालकांना. आकडा कुठून आला ते त्यात असेल. बक्स्टनचं नाव असेल."

"आणि डॉक्टरांचा रकाना?"

"माझ्या चाचणीचा त्या रकान्याशी संबंध नाही. जे तपासलं तेवढंच मी लिहिते. पण सोमवारी पत्रकार येतील तेव्हा एमेट पहिल्या रांगेत बसलेला असला पाहिजे."

"नाहीतर?"

"नाहीतर मला रकान्यांबद्दल लिहावं लागेल."

सात वर्षांत पहिल्यांदा त्याला माझा संशय आला असावा. "तुला वगळायला नको होतं," तो म्हणाला.

सोमवारी एमेट पहिल्या रांगेत बसला, बर्निसनं इस्त्री केलेला निळा शर्ट घालून. हॉलिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गैरसमज झाला होता, एमेट आपल्या घरातला माणूस आहे, असं सांगितलं. पत्रकारांनी ते लिहून घेतलं आणि खाली भर घातली: टोलेडो एवढ्या घाईनं सारवासारव करतंय, म्हणजे टिल्रीची बातमी नक्की खरी. त्यातल्या एकालाही उलट शंका आली नाही.

गुरुवारी ड्राफ्टला नवव्या पाळीवर एका संघानं सौदा करून उडी मारली आणि टिल्रीला उचललं. अकराव्या पाळीला व्हेल उरला. हॉलिसनं कोणाकडे न बघता त्याचं नाव पाठवलं. खोलीत टाळ्या वाजल्या. फिंचचा आमच्याबद्दलचा अंदाज पहिल्यांदाच साफ चुकला.

एमेट टाळ्या वाजवत नव्हता. तो कोपऱ्यात बसून लिफाफे उघडत होता, त्याच्या नियमानं एक दिवस उशिरा. माझा शेवटी घेतला. लाल पट्टी नखानं सोलली, कागद वाचला, मग चष्मा कपाळावर चढवला.

"नऊ आणि एक अष्टमांश," तो म्हणाला. "हा खोटा होता?"

"लिहिला तेव्हा."

"बाकीच्यांना दुसरे दिलेस."

"हो."

"म्हणजे लिफाफा दिलास, तेव्हा मी बोलत असेन असं तुला वाटत होतं."

मी खोटं बोलू शकले असते. "चौघांपैकी कोणीही असू शकेल असं वाटत होतं."

"चौघांपैकी." त्यानं मान हलवली. "चाळीस वर्षांनंतर चौघांपैकी." मग कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

तीन प्रशिक्षकांपैकी दोघांनी मे महिन्यात त्याचे फोन घेतले. तिसरा अजून बैठकीत आहे.

मला तो अजून फूटपट्टी म्हणतो. पण आता त्याच्या खिशात शिंप्याची मोजायची फीत असते, बर्निसची, पिवळी, टोकाला उसवलेली. मी कोणाचा हात मोजून आकडा सांगितला की तो म्हणतो, "बरं, पोरा, इकडे ये जरा," आणि माझ्यासमोर पुन्हा मोजतो. त्याची फीत ताणली गेलेली आहे. एक अष्टमांश कमी दाखवते. मला ते पहिल्याच दिवशी कळलं. मी काही बोलत नाही, दोन्ही आकडे लिहून घेते.